दिवस मोजलेले आहेत, मग गोळी कशाला?

वाचकाचं पत्र : सलाम. मी श्रीरामपूरजवळच्या एका गावात राहते आणि आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा शास्त्राभ्यास घेते. दोन महिन्यांपूर्वी आम्ही रोमकरांस पत्राचा ९ वा अध्याय काढला आणि संघात सरळ दोन तट पडले. एकांचं म्हणणं, कोण तरणार हे देवाने जगाच्या आधीच ठरवलंय, आपल्या हातात काही नाही. दुसरे म्हणतात, मग माणूस कळसूत्री बाहुली झाला, त्याला पापाचा जाब कसला विचारता? मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून दोन्हीकडचे तयारीनेच येतात. त्यात घरी वेगळंच चाललंय. पप्पांनी (वय ६३) महिन्यापासून बीपी आणि शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. म्हणतात, "माझे दिवस त्याने लिहून ठेवलेत, स्तोत्र १३९ वाच. गोळीने एक दिवस वाढायचा नाही." मला उत्तर सुचत नाही. खरं कोणाचं? आणि पप्पांना काय सांगू?

उत्तर :

ताई, सलाम.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेऊ. रोमकरांस पत्र १९५० वर्षांहून जुनं आहे, ते आणखी चार दिवस थांबेल. पप्पांचं बीपी थांबणार नाही.

याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. गोळ्यांच्या जुन्या पट्ट्या आणि शेवटचे रिपोर्ट सोबत घ्या, आणि महिनाभर गोळी बंद होती हे न लाजता सांगा. घरच्या घरी जुन्याच गोळ्या परत सुरू करू नका. एवढ्या खंडानंतर कोणती गोळी, किती ताकदीची, हे आजचं बीपी आणि आजची साखर पाहून ठरतं. तोवर छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर वादविवाद बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

आणि स्तोत्र मिटून ठेवून त्यांना एक साधा प्रश्न विचारा, "गोळी घेतली की काय होतं?" पुष्कळदा वचन हे वरचं झाकण असतं. खाली काहीतरी वेगळंच निघतं. उठताना चक्कर येते, रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं, महिन्याचा खर्च मुलीवर पडतोय हे बोचतं, किंवा बरोबरीचं कोणी गेल्यापासून जगण्यातलं मनच उडालंय. चक्कर येत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतील. मन उडालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे. या गोष्टींवर अभ्यासाचा उतारा चालत नाही, आणि पोट दुखणाऱ्याला व्याकरण शिकवू नये.

समजा, तसं काही नाही आणि पप्पा खरोखरच वचनावर उभे आहेत. मग त्यांच्याशी वचनावरच बोला, कारण १३९ व्या स्तोत्राचं १६ वं वचन त्यांनी चुकीचं वाचलेलं नाही. दिवस लिहिलेले आहेत, हे तिथे आहेच. घसरण होते ती पुढच्या पायरीवर. दिवसांचा आकडा ठरला, पण त्या दिवसांपर्यंत नेणाऱ्या वाटेचं काही ठरलेलं नाही, असं ते धरून चालतात. ज्याने दिवस लिहिले त्याने त्या दिवसांची भाकर, पाणी आणि झोप नाही लिहिली? मग औषधच तेवढं वगळलं? पप्पांनी जेवण सोडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

२ राजे २० उघडा. हिज्कीया राजा मरणाला टेकलाय. देव यशयाच्या तोंडून सांगतो, तुझ्या आयुष्याची १५ वर्षं वाढवतो. हे झालं ६ वं वचन. ७ व्या वचनात तोच यशया म्हणतो, अंजिरांची चकती आणा. ती गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो. पंधरा वर्षांची हमी हातात असताना पोटीस कशाला, असं ना राजाने विचारलं ना संदेष्ट्याने. देवाने शब्द दिला होता म्हणूनच पोटीस बांधलं गेलं.

सैतानाने येशूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवलं, "उडी टाक, देवदूत झेलतील," तो प्रसंगही इथे नेमका बसतो. पण पप्पांपुढे तो काढू नका. आपल्याला कोणाच्या जागी बसवलंय हे त्यांच्या लगेच लक्षात येईल, आणि संभाषण तिथेच संपेल.

त्यांच्यासाठी खरा अध्याय आहे प्रेषितांची कृत्ये २७. तुमच्या संघालाही शेवटी तिथेच आणायचंय, म्हणून तो जरा सावकाश पाहू.

पौल, म्हणजे रोमकरांस पत्र लिहिणारा तोच, कैदी म्हणून रोमला निघालाय. तारू आलेक्सांद्रियाचं, पोटात गहू. वादळात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत. पौल उभा राहून सांगतो की रात्री देवाच्या दूताने मला सांगितलंय, तारू जाईल पण तुमच्यापैकी एकाच्याही जिवाला धोका नाही. शब्द सरळ आहे, त्याला कुठलीही अट जोडलेली नाही. मग चौदाव्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, खलाशांना जमीन जवळ आल्याचा वास लागतो. बुडीद (खोली मोजायचा वजन बांधलेला दोर) टाकून पाहतात तर २० वाव पाणी. थोडं पुढे जाऊन पुन्हा टाकतात तर १५ वाव. (कोकणातल्या कोळ्याला वाव म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी, २० वाव म्हणजे साधारण ३६ मीटर आणि १५ म्हणजे २७.) खडकावर आपटण्याच्या भीतीने ते मागून चार नांगर सोडतात आणि उजाडण्याची वाट पाहतात.

अशात खलाशी नाळेकडून, म्हणजे तारवाच्या पुढच्या टोकाकडून, आणखी नांगर टाकण्याचं निमित्त करतात आणि पळून जायला होडी पाण्यात सोडतात. पौलाच्या ते लक्षात येतं. तो शताधिपतीला (शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याला) काय म्हणतो ते ३१ व्या वचनात पाहा. हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. ज्याने आधी "कोणीही मरणार नाही" म्हटलं, तोच आता "नाहीतर मराल" म्हणतोय, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही. शिपायांनाही वाटत नाही. ते वाद घालत बसत नाहीत, होडीचे दोर कापून टाकतात.

पुढे मोजत चला. पौल सगळ्यांना जेवायला लावतो, कारण १४ दिवस कोणी धड खाल्लेलं नाही. उरलेला गहू समुद्रात टाकून तारू हलकं करतात. तारू रुततं, मागचा भाग फुटतो. कैदी पळतील म्हणून शिपाई त्यांना मारून टाकायला निघतात, शताधिपती अडवतो. ज्यांना पोहता येतं ते उड्या टाकतात, बाकीचे फळ्यांवर आणि मिळेल त्या तुकड्यांवर. २७६ माणसं होती आणि २७६ माणसं मिलितेच्या, म्हणजे आजच्या माल्टाच्या, किनाऱ्याला लागली. एकही कमी नाही. दिलेला शब्द पूर्ण झाला, आणि तो झाला दोर कापणाऱ्या सुरीतून, भाकरीतून, फळ्यांतून आणि एका रोमी अधिकाऱ्याच्या निर्णयातून. त्या अधिकाऱ्याला तर आपण कोणाचा शब्द पूर्ण करतोय याचा पत्ताही नव्हता.

देवाचं सार्वभौमत्व म्हणतात ते हे. गोंधळ होतो तो आपल्या कानामुळे. सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते आणि ते टळत नाही, ही समजूत आपल्या भाषेतच मुरलेली आहे. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या लोटल्या तरी घरात "नशीब" आणि "कपाळ" हे शब्द राहतातच, आणि मग "प्रभूची इच्छा" हेही त्याच सुरात ऐकू येतं. पण सटवाईच्या लेखात तुम्ही काहीही करा, शेवट तोच. प्रेषितांच्या २७ व्या अध्यायात तुम्ही जे करता त्यातूनच शेवट घडतो. दोन्हीकडे "ठरलेलं आहे" असंच म्हणतात, आणि तिथेच फसगत होते.

दुसरा घोळ "इच्छा" या एकाच शब्दात आहे. देवाने काय घडू द्यायचं ठरवलंय तीही इच्छा, आणि आपण काय करावं असं त्याने सांगितलंय तीही इच्छा. पहिलीला संकल्प म्हणा, दुसरीला आज्ञा. येशूचा वध ही आज्ञेविरुद्धची गोष्ट, खूनच तो. तरी प्रेषितांची कृत्ये २:२३ मध्ये पेत्र एकाच वाक्यात म्हणतो की तो देवाच्या ठरलेल्या संकल्पाप्रमाणे दिला गेला आणि तुम्ही त्याला मारलंत. मारणारे सुटत नाहीत आणि संकल्पही मोडत नाही. व्यवहारासाठी अनुवाद २९:२९ पुरेसं आहे. गुप्त गोष्टी देवाच्या, प्रकट केलेल्या आपल्या. संकल्पाचा अंदाज बांधून वागू नये, आज्ञा वाचून वागावं. गोळी बंद करणं म्हणजे संकल्पाचा अंदाज बांधणं झालं.

आता संघाकडे.

"खरं कोणाचं" याचा निकाल तुम्ही चार आठवड्यांत लावणार नाही, आणि लावायला जाऊही नका. हात वर करून मतं तर मुळीच मोजू नका. रोमन कॅथलिक मंडळीत डोमिनिकन आणि जेझुइट या दोन संघांचा नेमका याच प्रश्नावर वाद पेटला. पोपने १५९८ मध्ये त्यासाठी समिती बसवली. १६०७ मध्ये पोप पाचवे पौल यांनी ती उठवली ती निकाल न देताच, आणि दोन्ही बाजूंना ताकीद दिली की एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही. प्रॉटेस्टंटांकडे हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने १६१८-१९ मध्ये निकाल दिला, तरी वाद मिटला नाहीच. आणि तुमच्याकडचं पाहा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) झाली तेव्हा कॅल्विनच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल लोक आणि वेस्लीच्या परंपरेतले ब्रिटिश मेथडिस्ट एकाच बाकावर बसले. एकाच्या पणजोबांनी पूर्वनियोजन (कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय ही शिकवण) शिकवलं, दुसऱ्याच्या पणजोबांनी ते नाकारलं, आणि गीतं मात्र एकाच पुस्तकातून म्हणतात.

निकाल लावायचा नसला तरी एक कचरा आधी काढावा लागेल. व्हिडिओ बघून आलेली मुलं समोरच्याचं म्हणणं पाडतात ते सहसा त्याचं म्हणणंच नसतं. कॅल्विनच्या पूर्वनियोजनाला हरकत घेणारे ते आर्मिनियन. "आर्मिनियन लोक म्हणतात माणूस स्वतःच्या बळावर तरतो" हे खोटं आहे. आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये जी पाच कलमं मांडली त्यातलं तिसरंच सांगतं की कृपेवाचून माणसाला खरं चांगलं काही करता येत नाही. स्वतःच्या बळावर चांगलं होता येतं ही पेलागियसची शिकवण, आणि ती ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेत नाकारली गेली. तसंच "कॅल्विनवाले माणसाला बाहुली मानतात" हेही खोटं. त्यांच्याच वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राच्या तिसऱ्या अध्यायात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की देवाच्या संकल्पाने त्याने निर्माण केलेल्यांच्या इच्छेवर बळजबरी होत नाही. आणि "मग सुवार्ता कशाला सांगायची" म्हणणाऱ्याला मिशनरी विल्यम कॅरी दाखवा. पक्का कॅल्विनवादी माणूस, तरी बंगालातल्या सेरामपूरला बसून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापून मोकळा झाला. देवाने ठरवलंय म्हणून साधनं सोडायची नसतात, हे त्याने भारतात येण्याआधीच, १७९२ मध्ये लिहून ठेवलं होतं.

खरा फरक बारीक आहे. माणूस पापात इतका अडकलाय की आधी देवाने हात घातल्याशिवाय तो वळत नाही, हे दोघांनाही मान्य. कॅल्विनवादी म्हणतो, तो हात ज्यांना लागतो ते वळतातच, कारण त्यांची ओढच बदलते. कोणी फरफटत नेत नाही. आर्मिनियन म्हणतो, तो हात सगळ्यांपुढे येतो, वळण्याची ताकद परत देतो, पण झिडकारताही येतो. अडचण दोघांनाही आहे, आणि ती मुलांसमोर लपवू नका. पहिल्याला विचारा, मग देव सगळ्यांचीच ओढ का बदलत नाही, १ तीमथ्य २:४ मध्ये तर सगळे तरावेत अशी त्याची इच्छा आहे ना? दुसऱ्याला विचारा, कृपा सारखीच मिळाली तर एकाने होकार दिला आणि दुसऱ्याने नकार, हा फरक आला कुठून? दोघेही गप्प होतात ती पाच मिनिटं फार मोलाची असतात. मध्ये बोलून ती घालवू नका.

बैठका चार ठेवा, तासाभराच्या. पहिलीत निर्गम ४ ते १४ आणि तीन रंगीत पेन्सिली. जिथे फारोने, म्हणजे मिसरच्या राजाने, स्वतः आपलं मन कठीण केलं तिथे लाल, जिथे परमेश्वराने केलं तिथे निळी, जिथे नुसतं "कठीण झालं" तिथे पिवळी. वीसच्या आसपास खुणा होतील. भाषांतरांत थोडा फरक पडेल, कारण मुळात हिब्रूची तीन वेगवेगळी क्रियापदं आहेत, बळकट करणं, जड करणं आणि कठीण करणं. मुलांना दिसेल की ८:१५ आणि ८:३२ ला फारो स्वतः करतो, आणि परमेश्वराने प्रत्यक्ष केल्याचं पहिल्यांदा येतं ते ९:१२ ला, सहाव्या पीडेच्या वेळी. आर्मिनियन गट खूश होईल. लगेच त्यांना ४:२१ दाखवा, तिथे देवाने हे आधीच सांगून ठेवलंय. मग दुसरा गट खूश होईल. दोघांनाही पुरतं खूश होऊ न देणं हीच त्या तासाची कमाई.

दुसऱ्या बैठकीत रोमकरांस ९, १० आणि ११ सलग मोठ्याने वाचा. ९० वचनं आहेत, पंधरा मिनिटांत होतात. मध्ये कोणालाही बोलू देऊ नका. बहुतेक भांडणं होतात ती ९ व्या अध्यायाशी पुस्तक मिटल्यामुळे. पौलापुढचा प्रश्न "माझा शेजारी तरेल का" हा नाही. इस्राएलाला दिलेला शब्द देवाने मोडला की काय, हा आहे. त्याचं उत्तर ९ मध्ये कुंभार आणि माती, १० मध्ये जो कोणी प्रभूचा धावा करील तो तरेल, आणि ११ च्या शेवटी देवाचे मार्ग किती अगम्य, असं उमटत जातं. कुंभारावर कोणी अडून बसलं तर यिर्मया १८ काढा. तिथला कुंभार बिघडलेलं भांडं फोडून टाकत नाही, त्याच मातीचं दुसरं घडवतो, आणि देव लगेच म्हणतो, राष्ट्र वळलं तर मीही माझा बेत बदलीन. पौलाला हा अध्याय ठाऊक असणारच.

तिसरीत १ शमुवेल २३. दावीद कईला नगरात आहे, शौल राजा त्याच्या जिवावर उठलाय. तो देवाला विचारतो, शौल येईल का? येईल. इथले लोक मला त्याच्या हाती देतील का? देतील. म्हणून दावीद आपली ६०० च्या आसपास माणसं घेऊन निघून जातो, शौल येतच नाही, आणि कोणी कोणाला हाती देत नाही. म्हणजे जे घडलंच नाही, पण घडलं असतं, तेही देवाला ठाऊक होतं. लुइस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाने १५८८ मध्ये यावरच आपला मधला मार्ग उभारला. कोणत्या परिस्थितीत कोण स्वतःहून काय निवडेल हे देव जाणतो, आणि ते जाणून परिस्थिती रचतो. सुंदर कल्पना आहे. हुशार पोरगं विचारेल, अजून न जन्मलेला माणूस काय निवडेल हे खरं ठरतं ते कशाच्या जोरावर? तिथे मोलिनाचीही गाडी अडते. चौथीत तारू, दोर आणि फिलिप्पैकरांस २:१२-१३. आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देव घडवतो. "कारण" या शब्दावर बोट ठेवा. तिथे "तरीही" नाही.

एक पथ्य मात्र आजपासूनच. कोणाच्या घरी दुःखाला गेल्यावर संघातल्या कोणीही "ही देवाची योजना होती" म्हणायचं नाही. योसेफाने "तुम्ही वाईट योजलं, देवाने चांगल्यासाठी योजलं" हे म्हटलं ते उत्पत्ती ५०:२० मध्ये, आणि ते त्याच्याच तोंडून आलं, भावांच्या नाही. तो १७ वर्षांचा असताना भावांनीच त्याला विकलं. हे वाक्य त्याने उच्चारलं तेव्हा सुमारे ३९ वर्षं उलटली होती. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्याला हे कोणी ऐकवलं नव्हतं.

पप्पांसाठी कृत्ये २७:२१-४४ पुरे. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर, त्याच संध्याकाळी. तुम्ही वाचून दाखवू नका, ते शिकवल्यासारखं होतं. वाचायला त्यांनाच सांगा, चष्मा शोधून द्या, आणि ३२ वं वचन झालं की फक्त विचारा, "पप्पा, शिपायांनी दोर कापला नसता तर?"